तारा आणि तारतम्य : सुटे भाग मागवून गिटार

या महिन्याचं जवळजवळ सगळं टपाल इलेक्ट्रिक गिटार स्वतः जोडण्याबद्दल आहे. हार्मोनियमच्या भात्याचा आणि दिलरुब्याच्या तरफांचा असे दोन प्रश्न त्यामुळे पुढच्या अंकावर गेले. त्या वाचकांनी राग मानू नये. नव्या वाचकांसाठी सांगते, मी शनिवार पेठेत वाद्यदुरुस्ती करते. त्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग खात्यात होते, त्यामुळे तारेच्या गुंडाळीपुढे मला लाकडाचं कौतुक जरा कमीच. उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्यावं. गिटारची भाषाही एकदा सांगून ठेवते: बॉडी म्हणजे धड आणि नेक म्हणजे लांब दांडी. नेकवरची लाकडी पट्टी फिंगरबोर्ड, तिच्यातल्या धातूच्या आडव्या पट्ट्या फ्रेट. तारा वरच्या टोकाला नटाच्या खाचांतून जातात आणि खालच्या टोकाला ब्रिजवरच्या सॅडलवर टेकतात. पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारी कॉइल.

प्रश्न : मावशी, मी कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मनासारखी गिटार बजेटात मिळत नाही म्हणून सुटे भाग मागवून जोडायचं ठरवलंय. बॉडी एका ठिकाणी स्वस्त आहे, नेक दुसरीकडे, ब्रिज आणि पिकअप तिसरीकडे. यादी सोबत जोडतो. सगळं एकमेकांना बसेल ना? आणि हे खरंच स्वस्तात पडेल का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही.

परदेशातून भाग मागवलास की कस्टम ड्यूटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, जहाज किंवा विमानाचं भाडं आणि विमा यांची बेरीज करून त्यावर लागते, आणि वर जीएसटी. तीन ठिकाणांहून तीन पार्सलं म्हणजे भाडं तीनदा, कुरिअरला ओळखपत्रं पाठवायचं झेंगट तीनदा. त्यात सोल्डरिंग आयर्न, ड्रिल, कानशी, पॉलिश पेपर हे धर. शिवाय उद्या विकायला काढलीस तर जोडलेल्या गिटारला सुट्या भागांच्या बेरजेइतकीसुद्धा किंमत येत नाही. गंमत म्हणजे त्या नेकवरचा शिसवी फिंगरबोर्ड पुष्कळदा इथलाच असतो. भारतीय शिसव जगभरच्या गिटार कारखान्यांत जातं आणि नेकला चिकटून, ड्यूटी भरून परत येतं.

तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर सरळ एखादी वापरलेली गिटार घे. पण नेकची जाडी तुझ्या हाताला हवी तशी, पिकअप तुझ्या पसंतीचे, रंग तुझा, असं हवं असेल तर पुढे वाच.

हे असं जोडता येतं याचं श्रेय लिओ फेंडर यांचं. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नसे. 1950 साली त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारचा नेक सरसाने चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी आवळलेला होता. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली. नेक बिघडला तर काढा आणि दुसरा लावा, हा सरळ दुरुस्तीवाल्याचा विचार. पुढे 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आली तीही याच पद्धतीची. आज सुट्या भागांचा बाजार आहे तो मुख्यतः या दोन नमुन्यांच्या जिवावर. गिब्सन कंपनीची लेस पॉल 1952 ची, तिचा नेक चिकटवलेला आणि मागे कललेला असतो. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नकोस. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांची ती प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांची गिटारसुद्धा सुटी बॉडी आणि सुटा नेक घेऊनच जोडलेली आहे, आणि तिचं रूप बघून कोणी म्हणणार नाही की त्यांनी नीटनेटकेपणाची फार पर्वा केली. मापांची मात्र करावी लागते.

आता तुझी यादी. तिच्यात मला तीन ठिकाणी खटकलं.

पहिलं, नेक. त्यावर स्केल 24.75 इंच लिहिलंय. बॉडीवर ब्रिजची भोकं आधीच पाडलेली आहेत आणि ती 25.5 इंचाच्या स्केलची आहेत. स्केल म्हणजे नटापासून सॅडलपर्यंत तारेची मोकळी लांबी. सगळे फ्रेट त्या लांबीच्या हिशेबाने बसवलेले असतात, बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर. 25.5 इंच म्हणजे 648 मिलिमीटर, तेव्हा नट ते बारावा फ्रेट 324 आणि तिथून सॅडल पुन्हा 324. नेक एका हिशेबाचा आणि ब्रिज दुसऱ्या हिशेबाचा असला तर ती गिटार कधीही सुरात येणार नाही, कितीही महागाच्या तारा लाव. काही कंपन्या आखूड स्केलचा पण लांब स्केलच्या बॉडीला चालणारा नेक मुद्दाम बनवतात, त्याला कन्व्हर्जन नेक म्हणतात. तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घे. तुझ्या यादीत ते लिहिलेलं नाही.

दुसरं, बॉडीतली नेकची खोबण. फेंडर पद्धतीत ती सुमारे 56 मिलिमीटर रुंद आणि 16 मिलिमीटर खोल असते. तू निवडलेल्या बॉडीचे फोटो सुरेख आहेत, माप एकही दिलेलं नाही. माप न देणाऱ्याकडून लाकूड घेऊ नये. खोबण अर्धा मिलिमीटर सैल असली तरी नेक हलतो, घट्ट असली तर बसवताना कडेचा रंग तडकतो. माझा सल्ला ऐकशील तर बॉडी आणि नेक एकाच बनवणाऱ्याकडून घे, बाकीचे भाग कुठूनही आण. चार पैसे तिथे जास्त गेले तर जाऊ देत.

तिसरं, ब्रिज. पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर जुन्या अमेरिकन पद्धतीत साधारण 56 मिलिमीटर असतं, पुष्कळशा आशियाई ब्रिजमध्ये 52 च्या आसपास. बॉडीची भोकं एका मापाची आणि ब्रिज दुसऱ्या मापाचा असा घोळ सगळ्यात जास्त होतो. भोकं कशीबशी जुळवलीस तरी तारा वरच्या फ्रेटांवर कडेवरून घसरायला लागतात. ट्रेमोलोचा, म्हणजे दांडीने सूर हलवता येणारा ब्रिज घेतोयस, तर त्याच्या खालच्या धातूच्या ठोकळ्याची उंचीही बघ. पूर्ण जाडीची बॉडी साधारण 45 मिलिमीटर असते. स्वस्त बॉड्या त्याहून पातळ निघतात आणि मग तो ठोकळा मागच्या बाजूने बाहेर डोकावतो.

असंच इंच आणि मिलिमीटरचं भांडण बारीकसारीक गोष्टींत चालतं. खुंट्यांची भोकं जुन्या पद्धतीत साडेआठ-पावणेनऊ मिलिमीटर, नव्यात दहा. पॉट म्हणजे आवाज कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर. अमेरिकन पॉटला बॉडीत मोठं भोक लागतं, आशियाई पॉटला लहान, आणि एकाची नॉब दुसऱ्याच्या दांड्यावर बसत नाही. एक काय ते ठरव आणि यादीभर तेच ठेव.

पॉट किती ओहमचा हवा ते पिकअपप्रमाणे ठरतं. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) 250 किलोओहम, हमबकरला (दोन गुंडाळ्यांच्या) 500. उलटं केलंस तर बिघडत काही नाही, पण सिंगल कॉइल बोचरा लागतो आणि हमबकर गोधडीखाली गेल्यासारखा.

आणि सगळंच परदेशातून मागवू नकोस रे. वायर, सोल्डर, कपॅसिटर, तांब्याची चिकट टेप हे पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. ड्रिल बिट आणि कानशींसाठी बोहरी आळी. तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजायला फीलर गेज, म्हणजे पातळ पात्यांचं मापक लागतं, ते संगीताच्या दुकानात विचारू नकोस. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्याकडे माग, टॅपेट सेटिंगला तेच वापरतात.

भाग आले की रंगाआधी सगळं एकदा कोरडं जोडून बघ. इथे घाई करणारे पुढे माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेक खोबणीत नुसता बसव, स्क्रू नको. ब्रिज जागेवर ठेव. साधा शिवणाचा दोरा घे आणि नटाच्या पहिल्या नि सहाव्या खाचेतून दोन दोरे काढून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत ताणून चिकटपट्टीने लाव. आता डोकं बरोबर वर आणून खाली बघ. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या आपापल्या कडेपासून सारख्याच अंतरावर दिसायला हवेत, अगदी शेवटच्या फ्रेटपर्यंत. एका बाजूला दोरा कडेला टेकलाय आणि दुसरीकडे ऐसपैस जागा आहे, असं असेल तर नेक केसभर फिरव आणि पुन्हा बघ. जुळलं की क्लॅम्पने आवळ आणि मगच बॉडीच्या भोकांतून नेकवर खुणा कर. या कामाला कितीही वेळ लागला तरी लागू दे. एकदा भोक पडलं की पडलं.

नेक मेपलचा असतो आणि मेपल फार कडक. भोक न पाडता स्क्रू पिळलास तर एकतर नेक चिरेल नाहीतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येईल. नेकच्या स्क्रूला 3.2 मिलिमीटरचा बिट चालतो. बिटावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टीची पट्टी गुंडाळ, ती लाकडाला टेकली की थांब. नाहीतर बिट फिंगरबोर्डमधून वर येतो. स्क्रूच्या आट्यांवर अंगाचा साबण घासून घे. खुंट्यांचे ते चिमुकले स्क्रू तर साबणाशिवाय लावूच नकोस, मेपलमध्ये ते काडीसारखे मोडतात आणि मोडलेला तुकडा काढताना पॉलिशची वाट लागते.

रंगाबद्दल थोडक्यात. नेक लाकडाच्या मूळ रंगातच ठेवायचा असला तरी मेपलला काहीतरी लेप हवाच, भाजलेला मेपल असेल तर गोष्ट वेगळी. बॉडीला फर्निचरवाले वापरतात तो एनसी लॅकर चालतो, गाड्या रंगवणाऱ्याकडूनही मारून घेता येते. पावसाळ्यात लॅकर मारू नये. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठी झकास.

जोडून झाल्यावर वाजवून बघ आणि तारा नटापाशी उंच वाटतात का ते तपास. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाब. पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यात जेमतेम उजेड दिसावा. जास्त दिसला तर खाच खोल करावी लागेल, आणि ते काम एका वेळी कानशीच्या दोन-तीन हातांइतकंच. सुटे नट उंचच ठेवून पाठवतात, कारण घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

यादी दुरुस्त करून पुन्हा पाठव. ऑर्डर त्यानंतर दे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर गिटार बांधायचं म्हणतोय. खोलीत ड्रिल मशीन आणून ठेवलंय. वडील म्हणतात नस्ते उद्योग. पैसे द्यावेत का? (सिंहगड रोडवरून एक आई)

उत्तर : ताई, पैसे एकरकमी देऊ नका. आधी फक्त बॉडी आणि नेकचे द्या. त्या दोन वस्तू घरी आल्यावर त्याने त्या नीट जुळवल्या, घासल्या, मापं वहीत उतरवली, तर पिकअप आणि ब्रिजचे द्या. पुष्कळ घरांत बॉडी माळ्यावर जाते ती याच टप्प्यावर, आणि मग निदान पिकअपचे तरी वाचतात. डोळ्यांवर गॉगल आणि सोल्डरिंग करताना खिडकी उघडी, या दोन गोष्टींवर मात्र अडून बसा. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डब्यातली चकली नाही. वडिलांना सांगा, इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपात कानस धरायला शिकवतात त्यापेक्षा हा पोरगा जास्त शिकेल.

प्रश्न : नारायण पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हाची एक सागवानी तुळई मी जपून ठेवली आहे. वय सत्तरीच्या पुढे, पण सुतारकामाची आवड आहे. त्या लाकडाची बॉडी करून नातीला इलेक्ट्रिक गिटार द्यावी, बाकीचे भाग मागवावेत, असा विचार आहे. साग चालेल का? आवाज कसा येईल?

उत्तर : चालेल, आणि तुमचं पत्र वाचून मलाच हात शिवशिवायला लागले.

आवाजाची काळजी सोडा. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज उचलतो तो पिकअप. लोहचुंबकाभोवती साधारण 0.06 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे, एका साध्या सिंगल कॉइलमध्ये आठ हजारांच्या घरात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उपजते. आमच्या ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व, फक्त नाजूक. या व्यवहारात लाकडाचा वाटा किती यावर लोक रात्र रात्र भांडतात. माझ्या मते भरीव बॉडीत पिकअप, त्याची तारेपासूनची उंची, तारा आणि सेटिंग यांनी इतका फरक पडतो की लाकडाची पाळी फार उशिरा येते. क्वीन या बँडचे गिटारवादक, लंडनचे ब्रायन मे यांनी 1963 साली वडिलांबरोबर जी गिटार बांधायला घेतली, तिचा नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा आहे, बॉडीत ब्लॉकबोर्डसुद्धा आहे आणि ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्वच्या स्प्रिंगा. तीच गिटार घेऊन त्यांनी पुढे जगभरची स्टेडियमं भरवली. तेव्हा तुळईला कमी लेखू नका.

साग तुम्हाला वेगळ्या ठिकाणी त्रास देईल, वजनात. गिटारच्या बॉडीला नेहमी वापरतात ते अल्डर घनमीटरला साडेचारशे किलोच्या आसपास असतं, साग साडेसहाशेच्या. अल्डरची जी बॉडी दोन किलोच्या आत येते, तीच सागाची पावणेतीनपर्यंत जाईल. वर नेक, ब्रिज, खुंट्या धरून चार किलोंच्या पुढे. नात उभी राहून तासभर वाजवणार असेल तर खांदा धरेल. उपाय सोपा आहे. बॉडी दोन थरांत करा, खालच्या थरात जिथे पिकअप, ब्रिज आणि नेक येत नाहीत तिथे पोकळ्या कोरा, आणि वर पातळ थर चिकटवा. ब्रिजखाली आणि नेकच्या खोबणीपाशी मात्र भरीव राहू द्या. सहा तारांचा मिळून ताण पंचेचाळीस किलोंच्या आसपास असतो आणि तो सगळा त्या दोन जागांवर येतो.

चिकटवण्याआधी सागाचे पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा. साग तेलकट लाकूड, तसंच चिकटवलं तर वर्षभरात उकलतं. पुसल्यावर फार वेळ थांबू नका, तेल पुन्हा वर येतं.

आणि खिळे. वाड्याच्या तुळईत खिळे, कड्या, पाळण्याचे हूक यांचे तुकडे आत मोडून राहिलेले असतात. स्पीकरमधला जुना लोहचुंबक दोऱ्याला बांधून तुळईच्या चारही बाजूंनी फिरवा, जिथे ओढला जाईल तिथे खडूने खूण करा. लाकूड कोरायच्या राउटर यंत्राचा बिट खिळ्यावर बसला तर बिट जातोच, तुकडा उडाला तर डोळाही जातो. तुळई उभी चिरून फळ्या काढायचं काम घरी करू नका. भवानी पेठेत टिंबर मार्केटला नेलीत तर चिरून, रंधून मिळेल, पण आधी खिळ्यांबद्दल त्यांना सांगा, नाहीतर पात्याचा खर्च तुमच्या माथी मारतील आणि त्यांचंही चूक म्हणता येणार नाही.

नेक विकतच घ्या. फ्रेटांची मापं, आतला ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी सळई), फिंगरबोर्डची गोलाई हे पहिल्या गिटारला घरी करण्यासारखं नाही. आधी नेक मागवा, तो हातात आल्यावर त्याच्या टाचेच्या मापाने खोबण कोरा. वेबसाइटवरच्या आकड्यावर विसंबून पटाशी लावू नका. नातीचा हात लहान असेल तर 24.75 इंची स्केलचा नेक घ्या, तुम्ही ब्रिजची जागा स्वतः ठरवणार असल्यामुळे तुम्हाला कर्वेनगरच्या त्या मुलाची अडचण नाही.

तुळईवर कोयरी किंवा पान कोरलेलं असेल तर तो भाग मागच्या बाजूला येईल असं काप आखा. समोर घेतलंत तर पिकअपच्या खड्ड्यात जाईल.

प्रश्न : मी आयटीत आहे, पिंपळे सौदागरला राहतो. टेलिकास्टर पद्धतीची गिटार सुटे भाग घेऊन जोडली. वाजते छान, पण ॲम्प लावला की घूंऽऽ असा आवाज. तारांना हात लावला की कमी होतो. आणि दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की आवाज एकदम पिचका. वायरिंग आकृतीप्रमाणेच केलं आहे.

उत्तर : हात लावल्यावर आवाज कमी होतोय, म्हणजे ब्रिजची अर्थिंगची वायर शाबूत आहे. ती तुटलेली असती तर तारांना हात लावून काहीच फरक पडला नसता. राहिलेला आवाज हा सिंगल कॉइलचा स्वभाव आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, घरातल्या वायरी, पंख्याचा रेग्युलेटर, एलईडीचे ड्रायव्हर हे सगळं ती कॉइल इमानेइतबारे ऐकते. बसल्या जागी गिटारसकट गोल फिरून बघा, एका दिशेला आवाज बराच पडेल. त्याच दिशेला खुर्ची ठेवा! शिवाय पिकअपच्या आणि पॉटच्या खड्ड्यांना आतून तांब्याची टेप लावा, टेपचे तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडा आणि एक वायर पॉटच्या पाठीवर आणा.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही अशी तक्रार पुढे येईलच. आयर्न पंचवीस वॅटचं असणार. ते पत्र्याला पुरत नाही, चाळीस ते साठ वॅटचं घ्या. पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा, डाग पटकन द्या आणि काढा. मिनिटभर टेकवून ठेवलंत तर पॉटच्या आतली पट्टी करपते.

पिचक्या आवाजाचं कारण निराळं. दोन पिकअप दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत ना? एकाच्या वेढ्यांची किंवा चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट आहे, त्यामुळे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि आवाजाचा खालचा भाग निघून जातो. आकृतीत चूक नाही, तुमच्यातही नाही. कोणत्याही एका पिकअपच्या दोन वायरी आपसात बदला. नेककडच्या पिकअपवर धातूचं झाकण असेल तर मात्र आधी बघा, ते झाकण अर्थच्या वायरीला आतून जोडलेलं असतं. तो जोड तोडून झाकणाला वेगळी वायर द्यावी लागेल, नाहीतर अदलाबदल केल्यावर झाकणच सिग्नलवर जाईल आणि हात लागला की घूंऽऽ. हे काम करताना वेढ्यांना बोट लावू नका. ती तार तुटली तर पुन्हा गुंडाळायला माझ्याकडेच यावं लागेल आणि माझ्याकडे रांग आहे.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगते. ॲम्पच्या तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून घूंऽऽ घालवायचा उपाय कोणी सांगितला तर त्याचं ऐकू नका. तुमचे हात सतत अर्थला जोडलेल्या तारांवर असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तीच पिन तुम्हाला वाचवते. जुन्या पेठांतल्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात आणि तिसऱ्याच्या मागे वायरच नसते. तशी शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रश्न : जोडलेल्या गिटारच्या हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या शेंड्यावर, नामांकित कंपनीच्या नावाचा स्टिकर लावला तर काय हरकत आहे? ऑनलाइन मिळतात. सगळेच लावतात. (कोथरूड)

उत्तर : हरकत आहे. उद्या ती तुमच्याकडून दुसऱ्याने घेतली, त्याच्याकडून तिसऱ्याने, की तिसरा फसला. तो मग गिटार घेऊन माझ्याकडे येतो आणि वाईट बातमी मला द्यावी लागते. स्वतःचं नाव लावा, इतकी मेहनत करून दुसऱ्याचं कशाला?

प्रश्न : मे महिन्यात मित्राने जोडून दिलेली गिटार जुलैपासून वाजवायला जड झाली आहे. तारा मधेच उंच वाटतात. शिवाय वरच्या फ्रेटांवर सूर चढा लागतो. नेक खराब निघाला का? (औंध)

उत्तर : नेक ठीक आहे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेनंतर पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, नेक तारांच्या ओढीने पुढे वाकतो आणि मधल्या फ्रेटांवर तारा उंच होतात. नेकच्या आत ट्रस रॉड आहे तो यासाठीच.

तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडे दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट साधारण पाव मिलिमीटर हवी. जास्त असेल तर रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने फिरवा, एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नाही. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. ॲलन की बरोबर मापाचीच वापरा. इंचाच्या नटात मिलिमीटरची की घुसवली की आतले कोपरे गोल होतात आणि मग नेक बदलण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. नट सहज फिरत नसेल तर जोर करू नका, घेऊन या.

चढ्या सुराचं बघायचं ते यानंतर, कारण तारा खाली आल्या की त्यातला काही भाग आपोआप जातो. उरला तर बाराव्या फ्रेटच्या वर तारेला बोट नुसतं टेकवून घंटीसारखा सूर काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. तारा जुन्या असतील तर आधी नव्या घाला, गंजक्या तारेवर हे सेटिंग लागत नाही. आणि डिसेंबरात तारा फ्रेटांवर खरखरायला लागल्या तर रॉडचा हाच नट तेवढाच उलटा फिरवायचा.